दसऱ्याला एक घर वर

केसरीनाथ पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. मी दारात टेप घेऊन उभा. दहा बाय अकराच्या खोलीचं माप आदल्या दिवशी तीनदा घेतलेलं, वहीत नकाशा काढलेला, खिडकी निळ्या पेनाने, दार लाल. मी पडलो भूगोलाचा मास्तर, नकाशा काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. केसरीनाथांनी वही हातात घेतली, मिटली आणि फ्रिजवर ठेवून दिली.

"पोरं कुटं हायत?" त्यांनी विचारलं.

पोरं म्हणजे अदिती आणि आल्हाद. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. अदिती तेव्हा सात वर्षांची होती आणि आल्हाद दोनाचा. भिवंडीतल्या टेमघरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मुलांची म्हणून एक खोली वेगळी निघाली होती, त्याचा मला कोण अभिमान. मी फोनवर एक पलंगही निवडून ठेवला होता. लाल रंगाची रेसची गाडी, चार चाकं, पुढे पेटणारे दिवे. केसरीनाथांनी तो फोटो डोळ्यांपासून लांब धरून बघितला.

"ही गाडी पोराला पायजे का तुमाला?"

माझ्या नाकावर राग असतोच. मी म्हणालो, "पलंग करायचा की नाही ते सांगा. चौकशा नकोत."

"करतंय ना. पन पोरगा कवापर्यंत गाडीत झोपनार? सा वर्साचा झाला का पाय बोनेटवर येतील. मंग तुमी मला शिव्या घालनार. तवा आता तुमी जरा गप बसा, सर."

आतून माझी बायको नीरजा हसली. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग गप होतो. घरात हा मान एका मिस्त्रीने पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतला.

मग त्यांनी मापं घेतली, ती माणसांची. अदितीला खुर्चीवर बसवून गुडघा ते जमीन, कोपर ते मांडी. आल्हादला आडवं धरून डोकं ते टाच, आणि तो खिदळत असताना. मग मला भिंतीला उभं केलं, मग नीरजाला. तेवढ्यावर भागलं नाही. "पोरांचा मामा केवढा? आत्या? आजी उंच हाय का बुटकी?" मी म्हटलं, सोयरीक जमवताय की पलंग? ते शांतपणे म्हणाले, "पोरं कुनावर जातील काय सांगता येतंय? समद्यांची मापं घ्यावी लागतात." पाच फूट पाच इंच ही माझी उंची त्यांनी ज्या सुरात मोठ्याने वाचली, तो सूर मी अजून विसरलेलो नाही.

साठीला टेकलेला, बसका, काळासावळा माणूस. कानामागे सुताराची चपटी पेन्सिल, अंगात खाकी हाफ शर्ट. नारपोलीत यंत्रमागाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी लूमचा फिटर म्हणून काढली होती आणि हा हात तिथलाच होता. लूम बंद पडून चालत नाही. जे मोडलं ते दहा मिनिटांत खोलून, बदलून पुन्हा चालू झालं पाहिजे, नाहीतर शेठ बोंब मारतो. म्हणून केसरीनाथ खिळा मारत नसत आणि काही चिकटवतही नसत. सगळं नट-बोल्टवर. लूम भंगारात जायला लागले तसा त्यांनी हा नवा धंदा धरला, पण पाना तोच ठेवला.

आमच्या खोलीत त्यांनी चार खांब उभे केले आणि त्यांना दीड-दीड इंचावर भोकं पाडली. या भोकांना ते घर म्हणत. टेबल, फळ्या, पुस्तकांचा कप्पा, सगळं त्या घरांत बोल्टने बसवलेलं. मूल वाढलं की टेबल एक घर वर. पलंगही तसाच, पायाकडची चौकट पुढे सरकायची, मध्ये एक फळी आणि गादीचा तुकडा पडायचा, की पलंग लांब. छताला त्यांनी उगाचच सहा हुक मारून ठेवले. मी म्हटलं, हे काय, खाटीकखाना आहे का? त्यांनी पुढचा हुक मारला. पहिली दोन वर्षं त्या हुकांना आल्हादची झोळी होती, मग झोका झाला, आणि अदिती बाराची झाली तेव्हा त्याच हुकांवरून खोलीच्या मधोमध जाड पडदा आला, केसरीनाथांच्या लूमवर निघालेल्या शेवटच्या ताग्यातला. हुक काढून टाकायचे म्हणून मी मध्ये दोनदा स्टूल आणलं होतं, आणि दोन्ही वेळा नीरजाने ते परत नेलं.

एकाच गोष्टीवरून माझं त्यांचं खरं भांडण झालं. पलंगाच्या सरकत्या पट्ट्यांना शेवटच्या घरापुढे वीतभर कोरं लाकूड त्यांनी तसंच ठेवलं होतं. ते पलंगाबाहेर यायचं आणि माझी नडगी रोज त्यावर आपटायची. कापा म्हटलं तर कापेनात.

"ऱ्हाऊ द्या सर. कापायला काय, दोन मिंटं लागतात. जोडायचं झालं का दोन दिस."

"पण शेवटचं घर तुम्हीच मोजून पाडलंय ना? मग पुढे कशाला लाकूड?"

"मोजलंय मीच. म्हनून तर भ्या वाटतं."

माझ्या डाव्या नडगीवर ती खूण अजून आहे.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण केसरीनाथांची ओळख आमच्या घरात त्यानेच राहिली. दसऱ्याला लूम बंद असतात. सकाळी मशिनला हार, हत्यारांना हळदकुंकू, आणि मग फिटरने एक बोल्ट आवळायचा, एवढंच त्या दिवसाचं काम. नारपोलीतली ही रीत त्यांनी मुलांच्या खोल्यांना लावली. दसरा सोडून बोल्ट हलवायचा नाही, आणि दसऱ्याला हलवल्याशिवाय राहायचं नाही. धामणकर नाक्यापासून टेमघरपर्यंत त्यांनी केलेल्या खोल्या एकोणीस, आणि दसऱ्याला सकाळी सातपासून ते सगळीकडे फिरत. मुलाला खांबाला उभं करायचं, डोक्यावर पेन्सिल आडवी धरायची, आणि पाना मुलाच्या हातात द्यायचा. बोल्ट मुलानेच काढायचा, मुलानेच आवळायचा. मग खांबाच्या मागच्या बाजूला ते तारीख आणि उंची लिहीत. चहा घेत, आपट्याचं पान देत, आणि उठत.

आमच्या मुलांना दिवाळीपेक्षा हा दिवस मोठा. आल्हाद टाचा उचलायचा. केसरीनाथ वर बघतच म्हणायचे, "टाच." एका वर्षी अदिती जेमतेम अर्धा इंच वाढली होती; घर हललं नाही तेव्हा तिने जेवण सोडलं. केसरीनाथांनी बोल्टचा वॉशर काढून तिला नवा घालायला लावला आणि खांबावर लिहिलं, 'वॉशर बदलला.' तेवढ्यावर तिची समजूत पटली. मी असतो तर तिला वाढीच्या वयावर व्याख्यान दिलं असतं.

चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना स्कूटरवर नारपोलीला सोडायला गेलो. बंद लूमच्या शेडला लागून त्यांचं घर. दारात धोंडूबाई, त्यांची बायको, उभी होती. चांगली उंच बाई. नवऱ्याशी बोलताना मान खाली घालते.

"एकोनीस घरं झाली का?" तिने विचारलं. "आता इसावं करा आनि जेवा."

विसावं घर आत होतं. लहानशी खोली, बाहेरून कडी. आत आमच्याकडे आहे तसाच पलंग, तसंच टेबल, तसेच खांब, फक्त लाकूड जुनं. ही त्यांनी केलेली पहिली खोली होती, नात जन्मली तेव्हाची. नात उन्नती. ती चार वर्षांची असताना मुलगा हितेश कोइमतूरला कापडाच्या मशिनच्या कंपनीत गेला. लूम सोडून जातो म्हणून बापलेकात शब्दाला शब्द लागला, आणि केसरीनाथ बोलून बसले की तुझ्या दारात मी येणार नाही. त्यानंतर गेलेही नाहीत. मापात चूक झाली तर मान्य करतील, पण बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. पोरगी त्यानंतर दोनदा आली, शेवटची नऊ वर्षांची असताना. मग लॉकडाऊन आला, मग शाळा, मग आणखी काही.

केसरीनाथांनी पाना घेतला, टेबलाचा बोल्ट काढला आणि टेबल एक घर वर नेलं. खांबामागे वाकून काहीतरी लिहिलं.

माझी जीभ म्हणजे काय सांगावं. मी म्हणालो, "अहो, मूलच नाही तर बोल्ट कशाला हलवता?"

ते पुन्हा खांबामागे वाकले आणि आणखी एक ओळ लिहिली. मग पाना पुसला आणि पिशवीत ठेवला. धोंडूबाईने मला पाणी दिलं तेही माझ्याकडे न बघता. परत येताना धामणकर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो आणि त्या अर्ध्या तासात मी स्वतःला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा जूनमध्ये एका रविवारी केसरीनाथ अचानक आमच्याकडे आले. पिशवी नाही, पाना नाही. सोफ्याच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "अदितीशी काम हाय."

अदिती आता पंधराची. ती पडद्याच्या तिच्या बाजूने बाहेर आली.

भानगड अशी होती. हितेशला कंपनी दोन वर्षांसाठी इजिप्तला पाठवत होती, बायको बरोबर जाणार होती. उन्नती दहावी झालेली. अकरावीला तिला एकतर कोइमतूरच्या हॉस्टेलवर ठेवायचं, नाहीतर भिवंडीला आजी-आजोबांकडे. तिने सांगितलं होतं, मी आठ दिवस राहून बघते, आवडलं तर राहीन. हॉस्टेलचा फॉर्म भरून तयार होता.

"सोला वर्साच्या पोरीला खोलीत काय लागतं, बाय?" केसरीनाथांनी अदितीला विचारलं. एकोणीस घरच्या आईबापांना शहाणपण शिकवणारा माणूस माझ्या मुलीपुढे हात जोडल्यासारखा बसला होता. मला हसू आलं.

"दाराला आतून कडी आहे?" अदितीने विचारलं.

"भायेरून हाय."

"आतून लावा. बाहेरची काढून टाका. पलंगाजवळ चार्जिंगचा पॉइंट. आणि गुलाबी रंग देऊ नका."

"काल दिला," केसरीनाथ म्हणाले.

"पांढरा द्या. आणि ती केवढी आहे?"

"पाच फूट एक इंच." हे मात्र त्यांनी छातीठोक सांगितलं. "दर आयतवारी फोनवर बगतंय ना. आमच्या डोल्याला कलतं."

अदितीने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा गप्प बसलो.

पुढच्या रविवारी उन्नती आली. केसरीनाथांनी अदितीला बोलावलं होतं, पोरीला पोरीची सोबत म्हणून, आणि मी तिला घेऊन गेलो. मी नसतो गेलो तरी चाललं असतं, पण मला राहवेना. खोली पांढरी झाली होती, आतून पितळी कडी चकाकत होती. केसरीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून दारात बसले होते.

तिला सोडायला आलेल्या तिच्या मामाची गाडी थांबली. दार उघडून पोरगी बाहेर आली आणि उभी राहिली, आणि उभीच राहत गेली. घरात शिरताना दारावरचं तोरण तिच्या कपाळाला लागलं. धोंडूबाई पुढे होऊन तिला जवळ घ्यायला गेली तर दोघींचे खांदे एका रेषेत. तेच लांब हात, तीच मान. केसरीनाथ एकदा नातीकडे बघत होते, एकदा बायकोकडे. साऱ्या गावाच्या मामा-आत्यांच्या उंच्या विचारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या खोलीचं शेवटचं घर मुलगा आणि सून बघून पाडलं होतं. घरात चाळीस वर्षं वावरणारी बाई त्याने कधी भिंतीला उभी केली नव्हती.

"मापात मी न्हवतेच व्हय?" धोंडूबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

उन्नतीही कसनुशी हसली. मामा चहा घेऊन गेला. मग ती खोलीत गेली, टेबलाशी बसली, आणि तिचे गुडघे फळीला अडकले. पलंगावर आडवी झाली तर पावलं चौकटीबाहेर. केसरीनाथ दारात उभे राहून ते सगळं बघत होते. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. उन्नती हळू बोलली, पण घर केवढंसं. बाहेरच्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"चांगलंय गं आई. पण ही लहान मुलीची खोली आहे. नाही... मी आजोबांना काही म्हटलं नाही. बघते आठ दिवस."

केसरीनाथ खुर्चीवर बसले. इतकं लहान मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "फोनवर नुसतं तोंड दिसतं," ते मला म्हणाले, "उंची दिसत न्हाय, सर. हॉस्टेलातले पलंग मोठे असतील ना?"

अदिती उठली आणि आत गेली. "उन्नती, खांबाच्या मागे बघितलंस का?" तिचा आवाज आला. "आमच्याकडे पण आहे. मोबाइलचा लाइट लाव."

उन्नती वाचायला लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्याने.

"मे २०१८. नऊ वर्षं. चार फूट दोन इंच. दसरा २०१८. उन्नती, अंदाजे चार फूट तीन. दसरा २०१९. अंदाजे चार फूट चार. दसरा २०२०. अंदाजे... फोनवर खोकत होती." ती थांबली. "दसरा २०२१. अंदाजे चार फूट आठ. सर बोलले, पोर नाही तर बोल्ट कशाला. बोल्ट हलवला."

मला जमिनीत जावंसं वाटलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

सात अंदाजे होते. ते सगळे वाचून उन्नती बाहेर आली. नाक लाल झालं होतं.

"आजोबा, पाना कुठे आहे?"

"कशाला?"

"टेबल वर घ्यायचंय. गुडघे अडकतात."

केसरीनाथ सवयीने म्हणाले, "आज दसरा न्हाय, बाय."

"दसऱ्याला मी कुठे होते?" उन्नती म्हणाली. "आज आहे."

धोंडूबाई आत जाऊन पिशवी घेऊन आली. केसरीनाथांनी काही विचार करायच्या आत पाना नातीच्या हातात गेला होता. तिने बोल्ट काढले, अदितीने आणि मी टेबल उचललं, एक घर, दोन घरं, आणखी दोन. तिनेच आवळले. फिटरच्या घरातली पोर, तिला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगावं लागलं नाही.

पलंगाचं मात्र शेवटचं घरही पुरेना. उन्नती पट्टीवर हात फिरवत पुढे गेली आणि त्या कोऱ्या लाकडावर थांबली. "इथे भोक नाही?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. मी आपोआप माझ्या नडगीला हात लावला. ते उठले, गुडघा दुखतोय हे विसरून उठले, आणि ड्रिल मशीन घेऊन आले. दोन्ही पट्ट्यांना त्या वीतभर लाकडात नवं घर पडलं. भुसा नव्या पांढऱ्या भिंतीवर उडाला. चौकट सरकली, मध्ये फळी पडली, गादीचा तुकडा म्हणून धोंडूबाईने गोधडीची घडी ठेवली. उन्नती आडवी झाली. पाय आत.

"आता मोजा," ती म्हणाली आणि खांबाला जाऊन उभी राहिली.

केसरीनाथांचा हात डोक्यापर्यंत पोचेना. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले, पेन्सिल आडवी धरली. "टाच," ते म्हणाले.

"टाच टेकलेलीच आहे, आजोबा."

"पाच फूट आठ." ते खाली उतरले आणि खांबामागे वाकले. मी मागून बघत होतो. त्यांनी तारीख लिहिली, उन्नती लिहिलं, आणि सात वर्षांच्या सवयीने 'अं' लिहिला. मग थांबले. अंगठ्याला थुंकी लावून तो पुसला आणि त्या काळपट डागावर आकडा लिहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

"दसऱ्याला परत मोजायचं ना?" उन्नतीने विचारलं. "वाढेन मी अजून बहुतेक."

केसरीनाथ वाकलेलेच होते. "पलंगाला लाकूड हाय अजून चार बोटं," ते खांबामागूनच म्हणाले.

धोंडूबाईने फोन उचलला, हितेशला लावला आणि नवऱ्याच्या कानाला नेऊन चिकटवला. "फॉर्म फाडायला सांगा," ती म्हणाली. "तुमीच सांगा."